चैत्रातलं खाणं मंडईत आलंय, एकदा तिकडं बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पाडव्याच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत वसंत ऋतूतल्या आहारावर पानभर मजकूर आला होता. फोटो झकास होते, पण वाचून झाल्यावर आमच्या घरात एकच प्रश्न निघाला, हे पान कोल्हापूर आवृत्तीचं आहे का दुसरीकडचं चुकून आलंय? ॲव्होकॅडो, ॲस्परॅगस, ब्लूबेरी, आणि केल नावाची परदेशी पालेभाजी. लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन केल द्या म्हटलं तर मावशी केळीचा फणाच काढून देतील आणि वर विचारतील, डझन का अर्धा डझन.

तिकडं युरोपात तो आहार बरोबरच आहे, त्याला माझी हरकत नाही. तिकडं मार्च-एप्रिलला बर्फ जाऊन जमिनीतनं पहिलं हिरवं डोकं वर काढतं, ॲस्परॅगस म्हणजे तसला कोंभच, सगळी थंडी साठवणीतलं खाल्लेल्या माणसाला त्याची ओढ असणारच. आमच्याकडं गणित उलटं आहे. पाल्याचा सुकाळ दिवाळीपासनं शिवरात्रीपर्यंत, मेथी चाकवत हरभऱ्याचे डहाळे हे सगळं थंडीत होऊन जातं, आणि चैत्र लागला की पाला जून, जुडी बारीक, भाव वर आणि पारा ३७-३८ ला टेकलेला. त्यामुळं वसंत आला हिरवं खा, हा सल्ला इथं येईपर्यंत शिळा झालेला असतो. इथला वसंत अर्ध्यातच उन्हाळा होतो आणि आपल्या जुन्या लोकांनी खाणं त्याच हिशेबानं लावलंय.

पाडव्याचा कडुलिंबच घ्या. आता बहुतेक घरात एक पान जिभेला लावायचं, तोंड वाकडं करायचं, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढायचा आणि लगेच श्रीखंडाची वाटी. खरा प्रकार वेगळा आहे. कोवळा तांबूस पाला आणि मोहोर, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, जिरं, ओवा, हिंग, मीठ असं एकत्र वाटायचं, चमचाभर खायचं, आणि डाळ नीट भिजली असेल तर कडू-गोड-आंबट एवढं छान लागतं की पोरं परत मागतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदय ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ऋतुचर्येचा वेगळा अध्यायच आहे, त्यात म्हटलंय की थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हानं पातळ होतो आणि भूक मंद करतो, म्हणून जड, गार, आंबट, गोड, तेलकट कमी करा, जुनं धान्य खा, व्यायाम करा आणि दिवसा झोपू नका. शेवटचं कोल्हापुरात कोण मानणार ते सोडा, दुपारी एक ते चार हे गाव फोनसुद्धा उचलत नाही.

पण म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतंय तसं रोज सकाळी ग्लासभर कडुलिंबाचा रस पिऊ नका. चमचाभर चटणी ही चालरीत आहे, ग्लासभर रस हा अतिरेक आहे. आणि लहान लेकरांना कडुलिंबाचं तेल तर चुकूनही पाजू नका, त्यानं विषबाधा होते, हे मात्र पुरवणीत ठळक छापण्यासारखं आहे.

आता मंडईत या. कपिलतीर्थला सकाळी लवकर गेलं तर भाजीच्या रांगा संपतात तिथं कडेला पोतं अंथरून बसलेल्या बायका दिसतात, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडनं पहिल्या गाडीनं आलेल्या. त्यांच्यापुढं जे असतं तो खरा वसंतातला आहार. शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, कोवळा फणस, चंदगड-आजऱ्याकडचे ओले काजूगर, थोडं पुढं सरलं की करवंदं आणि मग जांभळं. ह्यातलं बरंचसं वर्षभर मिळत नाही, काजूगर तर आज आहेत आणि पुढच्या आठवड्यात विचारलं तर संपले म्हणतात.

ओल्या काजूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक भाव ऐकून पुढं जातात आणि बडबडतात की लुटायला बसल्यात. ओल्या बीच्या टरफलात चीक असतो आणि तो कातडी भाजतो, बोटांची सालटं निघतात. ह्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून एकेक बी विळीवर उभी चिरतात, गर अखंड काढतात, आणि त्यांची बोटं बघा, टोकाला काळी पडून भेगाळलेली असतात. वाटाभर काजूगरामागं अर्धी रात्र गेलेली असते. घरी आणल्यावर गरम पाण्यात टाकले की वरची साल सुटते, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात पातळ रस्सा करायचा, चटणी, म्हणजे आमचा लाल तिखट मसाला, बेतानं घालायची नाहीतर काजूची गोडी मरते. आमच्याकडं चटणी बेतानं घाला हे वाक्यच कुणी ऐकून घेत नाही ही वेगळी अडचण.

चटणीवरनं आठवलं. आपल्या लेखात माइंडफुल लिव्हिंगचा कॉलम होता, डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या, झाडाला हात लावा वगैरे. चांगलंय. पण ह्याच महिन्यात कोल्हापुरातल्या निम्म्या घरातनं बायका मिरच्यांची पोती उन्हात टाकतात, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, देठ खुडतात, धणे-तीळ-खोबरं भाजतात, लसूण सोलतात आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, नंबर लावून ठसक्यात खोकत उभ्या राहतात, त्यात पापड, सांडगे, कुरडया, शेवया. एवढ्या लक्ष देऊन केलेल्या कामाला लेखात एक ओळ नाही. उलट मला म्हणायचंय की ह्या घरांत निवांतपणा आणायचा असेल तर ध्यानाच्या ॲपपेक्षा पुरुषांनी लसूण सोलायला बसावं, मी बसतो, नखं दोन दिवस चुरचुरतात पण बोलणं छान होतं.

आणि जुनं तेवढं सगळं आरोग्याचं असंही माझं म्हणणं नाही हो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि आपलं पापड-लोणचं-भडंग-सांडगी मिरची असं ताट मांडलं की हे मीठ संध्याकाळच्या आधीच संपतं. बीपीवाल्यांनी उन्हाळी वाळवण चवीपुरतंच ठेवावं. तसंच गुळाचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाचं मानांकन, मिळाला ह्याचा मलाही अभिमान आहे, पण गूळ म्हणजे शेवटी साखरच, शुगर असलेल्या माणसानं "नैसर्गिक आहे" म्हणत पन्ह्याचे तीन ग्लास रिचवले तर रिपोर्टमध्ये ते दिसणारच. पन्हं मात्र सोडू नका, कैरी उकडून गर काढायचा, गूळ कमी, वेलची आणि चिमूट मीठ, उन्हातनं आल्यावर बाटलीतल्या कोल्ड्रिंकपेक्षा शंभर पटीनं बरं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं, आंबेडाळ, भिजवलेले हरभरे आणि कलिंगडाची फोड देतात ते काय उगाच नाही, त्यात पाणी आहे, प्रोटीन आहे, आंबट आहे आणि कशालाच तास तास गॅसपुढं उभं राहायला लागत नाही.

दुपारी ह्या दिवसांत नाचणीची आंबील प्यावी. नाचणी आपल्याच आजरा-चंदगड-गगनबावड्याच्या डोंगरउतारावर पिकते, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि ताकात शिजवून गार केली की पोटाला थंड. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हा शहरभर पोस्टर लागले, नाचणीच्या कुकीज निघाल्या, नाचणीचा पिझ्झा निघाला, वर्ष संपलं, आणि आंबील विकणारी एक गाडी शोधा म्हटलं तर आता फिरावं लागतं.

तांबडा-पांढरा बंद करा असं मी म्हणणार नाही, मला ह्याच गावात राहायचंय. पण एक आहे, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा पैलवान तालमीत बैठका-जोर मारून घामाघूम होऊन यायचा, आणि आता आपण तीन गल्ल्या सुद्धा गाडीवरनं जातो आणि तोच खुराक घेतो. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचं पण तेच, एक फेरी झाली की मिसळ, त्यावर एक्स्ट्रा कट म्हणजे वरचा तेलकट रस्सा, आणि परत पोट कमी होत नाही म्हणून डॉक्टर बदलायचा. चैत्रात रविवारचा रस्सा असू दे, वाट्या कमी करा, शेजारी काकडी-कांदा-लिंबू वाढवा, आणि रात्री उशिरा नको.

रात्रीवरनं, आयपीएल. मॅच साडेसातला सुरू होते आणि बरोब्बर जेवणाच्या वेळेला आख्खं घर टीव्हीपुढं ताट घेऊन बसतं, ओव्हर संपेपर्यंत भाकरी किती झाल्या ते वाढणारीला माहीत असतं, खाणाऱ्याला नाही. माइंडफुल इटिंग शिकवायचंच असेल तर इथनं सुरू करा, पॉवरप्ले संपल्यावर टीव्ही बंद, जेवण, मग परत चालू. आमच्याकडं ह्यावरनं भांडण होतंय पण जमतंय.

आता आंब्याचं. पाडव्याला हापूस पाहिजेच म्हणून लोक वाट्टेल तो भाव देतात आणि घरी आणून कापला की आतनं पांढरा, आंबट. कार्बाइडनं फळ पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीनं बंदी आहे, कारण त्यातनं ॲसिटिलीन निघतो आणि सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश येतात. इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे, त्यामुळं चेंबरमध्ये पिकवलेला प्रत्येक आंबा विषारी असं पण नाही, दोन्हीत फरक करा. सगळीकडनं एकसारखा पिवळाधमक, देठाजवळ वास नाही आणि दाबला तर कडक, असला आंबा मी घेत नाही. फोंडा, करूळ, आंबा घाटातनं कोकणचा माल येतो आमच्याकडं, अक्षय तृतीयेपर्यंत दम धरला तर भाव पण उतरतो आणि पेंढ्यात आढी लावून घरी पिकवता येतो. तोपर्यंत कैऱ्या आहेतच की.

हे सगळं लिहायचं कारण दोन मागण्या आहेत. एक, मंडईच्या कडेला बसणाऱ्या ह्या डोंगरच्या बायकांना सकाळी एक जण उठवतो, दुपारी दुसरा, पावतीचे पैसे एकाला दिले तरी दुसरा येतो, आणि करवंदाची पाटी उन्हात हलवत बसलं की खालची फळं फुटून रस गळतो, नुकसान त्यांचंच. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांपेक्षा कमी असू नयेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्यात असं लिहिलेलं आहे. फाल्गुन ते ज्येष्ठ, म्हणजे रानमेव्याच्या हंगामापुरती तरी ह्यांना सावलीची ठरलेली जागा मिळावी, ह्यावर आपल्या बातमीदारानं एकदा सकाळी सहाला तिथं उभं राहून लिहावं. दहाला गेलात तर निम्म्या परत गेलेल्या असतात.

दुसरी मागणी आपल्याकडंच. पुरवणीत दर आठवड्याला एक छोटी चौकट द्या, ह्या आठवड्यात मंडईत नवीन काय आलं, कुठल्या तालुक्यातनं आलं, किती दिवस मिळेल आणि घरात ते कसं करतात. आहारतज्ज्ञ असू दे बाजूला, पण करायची पद्धत त्या विकणाऱ्या बाईलाच विचारा, कोवळा फणस कसा चिरायचा, विळीला तेल किती, चीक कसा पुसायचा हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. आणि भाव छापताना किलोचा छापू नका, वाट्याचा म्हणजे ढिगाचा छापा, त्या बायका वाट्यानंच विकतात आणि किलोचा भाव वाचून गेलेलं गिऱ्हाईक त्यांच्याशी हुज्जत घालत बसतं.

कळावे,
आपला एक जुना वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर