पानांचा अर्क, गंज आणि 90 टक्क्यांचा आकडा

महोदय,

‘पानांच्या रसाने आता लोखंड गंजणार नाही’ अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि लगेच ओळखीतले कोणी तरी फाटकाला कोणता पाला चोळावा, असे मला विचारते. रसायनशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने मी याच विषयावर संशोधन करतो, म्हणून हा खुलासा.

आम्ही पोलादाची लहानशी पट्टी पॉलिश पेपरने घासून, अॅसिटोनने धुऊन, 0.1 मिलिग्रॅमपर्यंत अचूक वजन करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टांगतो. नुसत्या आम्लात पट्टीवरून हायड्रोजनचे बुडबुडे सतत उठतात. अर्क मिसळलेल्या शेजारच्या चंचुपात्रात ते विरळ होतात, कारण अर्कातील टॅनिन, अल्कलॉइड अशा वनस्पतिजन्य रसायनांच्या रेणूंमधील ऑक्सिजन व नायट्रोजनचे अणू आपल्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीच्या आधारे धातूला चिकटून त्याचा पृष्ठभाग झाकतात. सहा तासांत नुसत्या आम्लातील पट्टीचे वजन 100 मिलिग्रॅमने आणि अर्क मिसळलेल्या आम्लातील पट्टीचे 10 मिलिग्रॅमने घटले, तर अर्काची परिणामकारकता 90 टक्के मानतात. बातमीत येतो तो हाच आकडा. पण तो त्या आम्लापुरता, त्या तापमानापुरता आणि त्या सहा तासांपुरताच असतो. आम्ल तापवले, तर सैल चिकटलेले रेणू सुटू लागतात. पावसात भिजणाऱ्या फाटकाचे रसायन तर वेगळेच आहे. तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाचे इलेक्ट्रॉन घेतो, आणि चोळलेला रस पहिल्या सरीतच वाहून जातो.

मग हा खटाटोप कशासाठी? कारखान्यात पोलादावरची ऑक्साइडची पापडी आम्लात बुडवून काढतात, तेव्हा आम्लाने पापडी खावी, पोलाद खाऊ नये, यासाठी त्यात गंजरोधक घालावा लागतो. वापरातली अनेक गंजरोधके विषारी आहेत. कारखान्यातील यंत्रणा थंड ठेवणाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे वापरलेल्या क्रोमेट या क्षारांमधील सहा-संयुजी क्रोमियम तर कर्करोगकारक आहे. वनस्पतींचे अर्क येथे उपयोगी पडू शकतील, मात्र एकाच झाडाच्या पानांतील टॅनिनचे प्रमाण ऋतूनुसार बदलते आणि पाण्यात काढलेल्या अर्काला बुरशी लागते. (आमचेही काही नमुने असेच फेकावे लागले.)

अशी बातमी देताना प्रयोग कोणत्या द्रवात, किती तापमानाला आणि किती तास केला, एवढे एका ओळीत छापावे, ही विनंती. फाटकाबद्दल विचारणाऱ्यांना मी गंज खरवडून प्रायमर लावायला सांगतो.

आपला,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक