सोनू, गुरुवारच्या आधी एवढं वाच

प्रिय सोनू,

काल तू म्हणालीस, "डोळा ठेवायचा की काढायचा ते गुरुवारपर्यंत सांगायचंय," आणि मी "काढून टाक बाई एकदाचा" म्हटलं तशी फोनच ठेवलास. भीतीपोटी निघालं गं तोंडातून.

दादाने रिपोर्ट पाठवला. डोळ्यातली मेलानोमाची, म्हणजे कॅन्सरची, गाठ ६ मिलिमीटर उंच, म्हणजे मध्यम. याच आकाराच्या गाठींवर अमेरिकेत मोठी ट्रायल झालीय, १३१७ पेशंट, काहींचा डोळा काढला, काहींना आयोडीन-१२५ चा प्लाक लावला, १२ वर्षांनीसुद्धा जगण्या-मरण्यात फरक निघाला नाही. त्यामुळे डोळा ठेवलास म्हणून जिवाला जास्त धोका, असं नाही. प्लाक म्हणजे रेडिएशन देणारी छोटी चकती, गाठ आहे तिथे डोळ्याच्या बाहेरून टाके घालून बसवतात आणि काही दिवसांनी काढतात. पण रेडिएशनने नजर पुढे हळूहळू जाऊ शकते, गाठ मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर बारीक दिसतं त्या मधल्या जागेच्या, किती जवळ आहे ते विचार. प्रोटॉन बीमचंही विचार, म्हणजे बाहेरून गाठीवर सोडतात ते रेडिएशन.

माझा जीव अडकलाय तो लिव्हरमध्ये. हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा आधी तिथेच जातो, कधी कधी कित्येक वर्षांनी, डोळा ठेवला तरी आणि काढला तरी. गाठीचा तुकडा तपासून क्रोमोसोम ३ ची एक कॉपी गेलीय का बघतात, त्यावरून धोका कळतो आणि लिव्हरचं स्कॅन किती वेळा करायचं ते ठरवतात. प्लाक लावायचा असेल तर बायोप्सीचं आधीच बोलून घे. तुझं मला माहितीय, जरा बरं वाटलं की गोळ्यांचं पाकीट अर्धंच पडून राहतं, हे तसं चालणार नाही, एकही स्कॅन चुकवायचं नाही, ऑफिसचं कारण तर अजिबात... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

लहानपणी सुईत दोरा ओवायला मी तुलाच हाक मारायचे. तू एक डोळा मिटायचीस, जीभ बाहेर काढायचीस आणि पहिल्या झटक्यात ओवायचीस, माईआजी बघतच राहायची. आज दुपारभर तेच आठवत बसले. आणि कडेला सावली दिसली तर अंगावर न काढता एकटी जाऊन डोळा तपासून आलीस, घरात एवढं शहाणं दुसरं कोण आहे?

तू जे ठरवशील ते मला मान्य. बाबा म्हणतायत लिव्हरचं एकदा लिहिलंस, पुरे आता. पण पहिल्या स्कॅनची तारीख घेतल्याशिवाय केबिनमधून उठू नकोस. मी येतेय गुरुवारी, नको म्हणू नकोस.

आई