शाळेच्या मैदानाचं कुलूप काढा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, रोज अर्धा तास झपझप चालायचं. गोळी तिने एक दिवस चुकवली नाही. चालणं मात्र जमेना. आमच्या गावात फूटपाथ नाही, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात अगदी साइडपट्टीला घासून जातात. जिमचं नाव काढलं तर म्हणते, "साडी नेसून त्या मशिनवर कशी चढू गं?"

घरापासून दोनशे पावलांवर शाळेचं मैदान आहे. सपाट, भोवती भिंत, कडेला कडुनिंबाची झाडं. शाळा सुटली की फाटकाला कुलूप पडतं. आई मग अंगणातच येरझाऱ्या घालते. बारा पावलं जायचं, वळायचं, बारा पावलं यायचं. गुडघे वळणावरच दुखतात.

साहेब, चालणं हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, तेव्हा त्यांना इन्सुलिनची, म्हणजे साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाची, वाट पाहावी लागत नाही. साखर वाढलेली, पण मधुमेह अजून न झालेल्या 531 जणांचा एक अभ्यास भारतातच झाला. 2006 साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार सांभाळला आणि नेमाने चालण्यासारखा व्यायाम केला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. नुसती मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते 26.4 टक्क्यांनी घटलं. म्हणजे पथ्य आणि चालणं गोळीच्या तोडीस तोड ठरलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि 13 कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर. या उंबरठ्यावरच्या माणसांना चालायला जागा कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगते, मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं. पी.टी.च्या तासाला गणित घेणाऱ्या शाळांत मुलांची ती साठ मिनिटंही भरत नाहीत. पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

माझी मागणी एवढीच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांची मैदानं सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ गावासाठी खुली ठेवण्याचा आदेश काढा. वर्गखोल्यांना कुलूप राहू द्या, फक्त फाटक उघडा. दोन दिवे लावा. राखण आणि साफसफाई यांची काळजी शाळेला वाटणार, ती रास्तच आहे. म्हणून त्याचा खर्च शाळेच्या माथी न मारता ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे द्या. आमच्या गल्लीतल्या बायका आळीपाळीने मैदान झाडायला तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

कारखान्याची धुराडी पेटायच्या आत आदेश निघाला, तर आईचा यंदाचा हिवाळा अंगणातल्या येरझाऱ्यांत जाणार नाही.

आपली नम्र,
एका मधुमेही आईची मुलगी