सूचना: लेह प्रवास, पहिला दिवस (नाशिक ते इंदूर)

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी पहाटे ५ वाजता आडगाव नाक्यावर जमायचे आहे. साडेपाचला गाड्या हलतील, कुणासाठीही थांबणार नाही. इंदूर साधारण ४०० किलोमीटर आहे आणि मुक्कामी उजेडात पोहोचायचे आहे.

चांदवडला रेणुकामातेचे दर्शन, मग मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा. बिजासन घाटात मालट्रकची रांग असते. तिथे ओव्हरटेक नको, खालच्या गिअरमध्ये शांतपणे चला. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडल्यावरच थांबा, पुलावर फोटोसाठी गाडी उभी करू नका.

टायरची हवा शुक्रवारी संध्याकाळी, गाडी थंड असताना तपासा. स्टेपनीचीही! मागच्या प्रवासात राहूड घाटात माझा टायर बसला आणि डिकीतून काढलेली स्टेपनी हाताने दाबली तर आत गेली. मुलांना घेऊन दोन तास रस्त्याच्या कडेला उन्हात बसलो. ती वेळ कुणावर येऊ नये, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतोय.

फास्टॅगमध्ये पैसे भरा, पीयूसी आणि विम्याची मुदत बघा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी प्रत्येकाने आपापले घ्यावे.

ज्येष्ठांच्या गोळ्या डिकीत नको, हाताशी ठेवा.