आई, बाबांचे शब्द तू पुरवू नकोस

एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया
२७ जुलै २०२४

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मायना बरोबर जमलाय का बघा, बाबा. शाळेत पत्रलेखनाला पैकीच्या पैकी मिळायचे, पण त्यालाही आता तीस वर्षं होतील. रोज व्हिडिओ कॉल होत असताना ही पत्राची थेरं कशाला, असं आई म्हणणार. कारण सांगते, पण जरा वळसा घेऊन.

बरोबर महिन्यापूर्वी, २७ जूनला रात्री नऊ वाजता, अटलांटात बायडन आणि ट्रम्पची डिबेट झाली. तुमच्याकडे शुक्रवारची सकाळ, साडेसहा. तुम्ही चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसला होतात आणि पंधराएक मिनिटांत तुमचा मेसेज आला, "अगं, या गृहस्थांना बरं नाहीये का?" समोर प्रेक्षक नव्हते, एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. त्यामुळे त्या शांततेत काहीच झाकलं जात नव्हतं. बायडनचा घसा बसलेला, आवाज पुटपुटल्यासारखा. बोलता बोलता धागा सुटला, ते थांबले, खाली बघितलं, आणि "शेवटी आपण मेडिकेअरला हरवलं" म्हणाले. मेडिकेअर म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांची सरकारी आरोग्य योजना. तीच वाचवतो म्हणून तर ते मतं मागत होते! विशाल पाणी आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. मी मात्र जागची हलले नाही. ते अडकले की मी मनातल्या मनात त्यांना शब्द पुरवत होते.

त्याच्या दोन आठवडे आधी तुम्ही मला व्हॉट्सॲपवर एक क्लिप पाठवली होती, इटलीतल्या जी-७ परिषदेची. सगळे नेते एकीकडे उभे आणि बायडन भलतीकडेच चाललेत. मी तुम्हाला झापलं होतं, की क्लिप कापलेली आहे, त्या बाजूला पॅराशूटने उतरलेला सैनिक होता, त्याला ते अंगठा दाखवत होते. (आपल्याकडचा अंगठा दाखवणं नव्हे, शाबासकीचा.) ते खरंही होतं. पण एक खोटी क्लिप खोडून काढली म्हणजे माणूस ठणठणीत आहे असं होत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. शेजारणीलाही मी हेच सांगायचे, की त्यांना लहानपणापासून तोतरेपणा आहे, हा तोच. तोतरेपणाही खराच आहे. सगळी खरी खरी वाक्यं जोडून मी एक खोटी गोष्ट सांगत होते.

लोकांना मात्र कधीच कळलं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये एपी वृत्तसंस्था आणि नॉर्क संशोधन संस्थेच्या जनमत पाहणीत शंभरातले ७७ जण म्हणाले, की आणखी चार वर्षं हा भार पेलायला बायडन फार वयस्कर आहेत. डेमोक्रॅट मतदारांतलेसुद्धा ६९. ट्रम्पबद्दल तसं म्हणणारे ५१ होते, आणि दोघांच्या वयात अंतर जेमतेम साडेतीन वर्षांचं. म्हणजे कुणी जन्मतारीख बघून बोलत नव्हतं. मग एप्रिलात आमच्याकडे प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची निवडणूक, झाली. मतपत्रिकेवर बायडनसमोर त्यांच्याच पक्षाचे एकटे डीन फिलिप्स, आणि त्यांनी तर मार्चमध्येच माघार घेतलेली. मी बायडनच्या नावापुढचं वर्तुळ काळं केलं आणि कामावर गेले. इतक्या लोकांच्या मनात जे होतं त्याला मतपत्रिकेवर खरा पर्यायच नव्हता.

तुम्ही फोनवर मोरारजींचं उदाहरण दिलंत. १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा तेही ८१ वर्षांचेच होते आणि पुढे ९९ पर्यंत जगले. (शाळकरी वयात ज्यांच्या नावाने बोंब मारलीत त्यांची बाजू आज तुम्ही घेताय, हे बघून मला हसू आलं.) मुद्दा चुकीचा नाही. पण मोरारजींना लोकसभेने सव्वादोन वर्षांत घरी पाठवलं. खासदार सोडून गेले, राजीनामा द्यावा लागला, संपलं. इथे अध्यक्ष एकदा बसला की चार वर्षं. असमर्थ अध्यक्षाला बाजूला करायला पंचविसावी घटनादुरुस्ती आहे, पण त्यासाठी उपाध्यक्ष आणि निम्म्याहून जास्त मंत्री स्वतःच्याच नेत्याविरुद्ध उभे राहायला हवेत. घटनेत कमीत कमी ३५ वर्षं वयाची अट आहे, जास्तीत जास्त काहीच नाही. तुम्हाला पाटबंधारे खात्याने ५८ व्या वर्षी नारळ दिला, तेव्हा तुम्ही दोन धरणांची कामं एकट्याने रेटत होतात. मग इथे मतदाराच्या हातात उरतं काय? त्या एका दिवशी उमेदवाराबद्दल त्याला असलेली खरी माहिती, बास.

आणि माझा राग आहे तो तिथेच. वयावर नाही. आपल्याकडे त्या वयात सहस्रचंद्रदर्शन करतात, सुपारीने तुला करतात, नातवंडं पाया पडतात. तुमच्या २९.५३ दिवसांच्या हिशोबाने बायडनचे हजार चंद्र मागच्या सप्टेंबरातच बघून झाले. माणूस थकणारच. पण फेब्रुवारीत बायडनकडे सापडलेल्या गोपनीय कागदांच्या चौकशीचा अहवाल आला आणि त्यात चौकशी करणाऱ्या रॉबर्ट हर यांनी लिहिलं, की ज्यूरीला हे चांगल्या मनाचे, सहानुभूती वाटावी असे, पण स्मरणशक्ती कमजोर झालेले वृद्ध गृहस्थ वाटतील. केवढा गहजब झाला! त्याच रात्री बायडन रागारागाने पत्रकारांपुढे आले, माझी स्मरणशक्ती उत्तम आहे म्हणाले, आणि इजिप्तच्या अध्यक्षांना मेक्सिकोचे अध्यक्ष करून मोकळे झाले. महिनाअखेरीला वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्यांना कामासाठी तंदुरुस्त ठरवलं. स्मरणशक्तीची चाचणी घेतलीच नव्हती, गरज नाही म्हणे. डिबेटनंतर मुलाखतीत विचारलं, आता तरी घ्याल का? तर म्हणाले, माझी तर रोजच परीक्षा असते.

बाबा, हे वाक्य मी ओळखते. "मी रोज सुडोकू सोडवतो, मला कसली टेस्ट?"

यात नवीन काही नाही, हेही खरं. तुमच्या जन्माच्या साली, १९४४ मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांचं हृदय निकामी होत चाललंय हे डॉक्टरांना मार्चपासून माहीत होतं. लोकांना सांगितलं, तब्येत छान आहे. जानेवारीत शपथ घेतली, १२ एप्रिलला गेले. त्याच्याही आधी वुड्रो विल्सन. ऑक्टोबर १९१९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि मुदत संपेपर्यंत सतरा महिने त्यांच्या बायकोने, एडिथबाईंनी, गड सांभाळला. कुठला कागद त्यांच्यापर्यंत जायचा, कुठला नाही, कोण भेटायचं, कोण नाही, हे बाई ठरवायच्या. मंत्री दाराबाहेर ताटकळत. देशाला सांगायचं, साहेब विश्रांती घेतायत.

आई, आता तुझ्याकडे येते. एडिथबाईंना इतिहासात सगळे नावं ठेवतात, पण मला त्या दुष्ट वाटत नाहीत. नवऱ्याची शोभा होऊ नये, एवढंच त्यांना वाटत असेल. गेल्या रविवारच्या कॉलवर बाबा सांगत होते, "परवा तो आला होता, तो आपला..." आणि थांबले. दोन सेकंदही झाले नसतील, तू म्हणालीस, "सुधीर." मग, "त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुठे ते..." तू म्हणालीस, "कराडला." मी मोजत बसले. नऊ वेळा. शेवटी शेवटी तर बाबा अडकायच्या आधीच तू उत्तर देत होतीस आणि ते नुसते मान हलवत होते. कृष्णेची इशारा पातळी विचारली तर बाबा झोपेतून उठून सांगतील, ४० फूट, धोक्याची ४५. २००५ चा पूर, २०१९ चा पूर, कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीत पाणी, सगळं तोंडपाठ. आणि अन्वीला गेले सहा महिने माझ्याच नावाने हाक मारतायत. तिला वाटतं आजोबा गंमत करतात. तसं मीच तिला सांगितलंय.

आणि स्कूटर. तू मला म्हणालीस सर्व्हिसिंगला दिलीय. शेजारच्या काकूंनी सांगितलं ते वेगळंच. बाबा स्कूटरवर बँकेत गेले, रिक्षाने परत आले, आणि संध्याकाळी अंगणात गाडी दिसेना म्हणून चोरीची तक्रार द्यायला निघाले. काकांनी शोधली तेव्हा ती बँकेसमोरच उभी होती, किल्लीसकट. काकूंवर चिडू नकोस. मीच खोदून खोदून विचारलं.

हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. मतदार म्हणून मी इथे हक्काने भांडते, की मला अंधारात का ठेवलं. मुलगी म्हणून तसा हक्क मला आहे का, याचा महिनाभर विचार करतेय. तेरा हजार किलोमीटरवरून वर्षातून तीन आठवडे येणाऱ्या मुलीला किती सांगायचं, हे तू ठरवलंस त्यात तुझं काय चुकलं? "ती तिथे बसून काय करणार, उगाच जिवाला घोर," असंच ना? पण मीही तेच करते. दादाने विचारलं, बाबा कसे वाटतात, तर मी म्हणते, एकदम फिट, वयानुसार थोडं होणारच. तू मला झाकून सांगतेस, मी दादाला, आणि बाबा आपल्या दोघींना. त्या व्हाइट हाउसवर मी कुठल्या तोंडाने चिडू?

बायडननीही शेवटी पत्रच लिहिलं. २ जुलैला टेक्ससचे खासदार लॉइड डॉगेट त्यांच्याच पक्षातून पहिल्यांदा उघड बोलले, मग रोज कुणी ना कुणी. आषाढीच्या दिवशी त्यांना कोविड झाला. गुरुपौर्णिमेच्या रविवारी दुपारी समुद्रकाठच्या घरून त्यांनी माघारीचं पत्र टाकलं, मतदानाला १०७ दिवस उरले असताना. या बुधवारी टीव्हीवर बोलले, नव्या पिढीकडे मशाल सोपवतो म्हणाले. मला रडू आलं, तेही कुणाच्या विजयासाठी नाही. वर्षभर आधी हेच केलं असतं तर चार चांगले उमेदवार उभे राहिले असते, लोकांनी त्यातून निवडला असता, आणि त्या माणसाला असं भर चौकात उतरवावं लागलं नसतं.

आता सगळ्यात वयस्कर उमेदवार ट्रम्प. ७८ वर्षांचे, जिंकले तर मुदत संपताना ८२. जानेवारीत भाषणात स्वतःच्या पक्षातल्या प्रतिस्पर्धी निकी हेलींच्या जागी डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसींचं नाव घेत राहिले. सविस्तर वैद्यकीय अहवाल त्यांनीही दाखवलेला नाही. बटलरला गोळी ट्रम्पच्या कानाला चाटून गेली तेव्हा तुमचे दोघांचे मिळून तीन फोन आले होते. बटलर आमच्याच राज्यात, पण पार दुसऱ्या टोकाला, एवढं लक्षात असू द्या. ट्रम्पबद्दल हाच प्रश्न विचारायचा तर माझी जीभ आता जरा अडखळते, कारण समोरचा म्हणतो, काल तर तू तोतरेपणा सांगत होतीस. विचारणार आहेच.

तर बाबा, आता सरळ तुम्हाला. तुम्हाला कुठूनही उतरवायचं नाहीये. सोसायटीचा हिशोब तुमच्याकडेच राहू दे, फक्त दुसरी सही जोशीकाकांची असू दे. स्कूटरची किल्ली मी मागत नाही, ते तुम्ही आणि डॉक्टर बघा. मी इथे टपालाने मत देऊन २६ ऑक्टोबरला निघतेय, दिवाळी सांगलीत. मिरजेत एका डॉक्टरांची ५ नोव्हेंबरची वेळ घेतलीय. इथे मतदान, तिथे तुमची तपासणी. आपण तिघं जाऊ. ते तुम्हाला पाच शब्द सांगतील आणि थोड्या वेळाने परत विचारतील, शंभरातून सात सात वजा करायला लावतील, आणि घड्याळ काढायला सांगतील, अकरा वाजून दहा मिनिटांचं. हे सांगायला नको होतं खरं, कारण मी तुम्हाला ओळखते. तुम्ही आजपासून वहीत घड्याळं काढायला बसाल.

आई, त्यांना सराव करू देऊ नकोस. आणि आत गेल्यावर तू बोलायचं नाहीस.

तुमची,
चिमी

ता. क. कृष्णेचं पाणी चढतंय असं बातम्यांत दिसतंय. आज आयर्विन पुलाला किती फूट आहे ते बाबांनी स्वतः लिहून कळवावं.