बाबा, ते संगीत पाठवता येत नाही

मॉन्ट्रियल,
१४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन वर्षं खपून केलंस ते संगीत एकदा पाठव की." पाठवायला बसले आणि अडले. त्याला ठरलेली सुरुवात नाही, शेवट नाही. जो जसा खेळेल तसं ते त्याच्यापुरतं घडतं. फोनवर हे धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

हे संगीत एका व्हिडिओ गेमसाठी आहे. खेळ राज्य चालवण्याचा आहे. गावं वसवायची, धान्य साठवायचं, शेजारच्या राजाशी तह करायचा, नाहीतर लढाई. एकेक डाव ३ तास चालतो. लढाई पाचव्या मिनिटाला पेटेल की दुसऱ्या तासाला, मला आधी कळत नाही. दशावतारात पखवाज वाजवताना तुम्हाला तरी कुठे कळतं? लिहिलेली संहिता नाही, राजाचं काम करणारा राजपार्ट मनाला येईल तितका बोलणार, आणि त्याचा हात तलवारीकडे गेला की पखवाज चढलाच पाहिजे.

म्हणून मी एकच चाल थरांनी लिहिते. तळाशी तंबोऱ्यासारखा धरलेला सूर, त्यावर व्हायोलिन, मग हलका ताल, सगळ्यात वर मोठे ढोल. सगळे थर एकाच लयीत सतत चालू असतात. कुणाचा आवाज उघडायचा, कुणाचा मिटायचा, ते खेळ ठरवतो. पूर्ण वळण घ्यायचं असेल तर आवर्तन संपेपर्यंत थांबतो आणि समेवर वळतो. कल्पना जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच सूर होते. शत्रू खाली सरकेल तशी त्यांची लय वाढायची. पुढे लुकासआर्ट्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' नावाचं सॉफ्टवेअर बांधलं. १९९१ मध्ये ते पहिल्यांदा खेळात आलं आणि प्रसंग बदलला तरी चाल न तुटता वळू लागली. त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा रंगमंचाच्या कडेला तुमच्या मागे बसून काढलेल्या रात्री आठवल्या.

माझी एक चूक सांगते. शत्रूचं सैन्य सरहद्दीजवळ आलं की ढोल उघडायचे, असं मी बांधलं होतं. चाचणीला बसलेल्या मुलीने ढोल ऐकले आणि लगेच शिपाई तटावर धाडले. नकाशाचा तो भाग तर धुक्याखाली होता, तिला शत्रू दिसतच नव्हता. माझ्या ढोलांनी चुगली केली होती. तिचा अख्खा डाव नासला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझ्यापुरता नियम ठरला: खेळणाऱ्याला जेवढं दिसलंय, तेवढंच संगीताला ठाऊक असलं पाहिजे.

दुसरी अडचण तुमच्यामुळे सुटली. प्रसंगाचा ताण आम्ही ० ते १०० मध्ये मोजतो. ६० ला ढोल उघडत, त्याखाली आला की मिटत. चकमकीत आकडा ५९-६१ ला घुटमळायचा आणि ढोल उचकी लागल्यासारखे चालू-बंद व्हायचे. तुमचा हात डोळ्यांपुढे आला. राजा दोन पावलं मागे सरला म्हणून तुम्ही ठेका टाकत नाही. डाव्या तोंडावर घुमारा चालू ठेवता, तो खरंच थांबलाय का ते बघता, मगच उतरता. तसंच केलं. चढायला ६०, उतरायला ४०, आणि तिथे २० सेकंद टिकला तरच. आता लढाई ऐकताना दम लागतो.

एक वाद मात्र अजून चालू आहे. युद्ध एका कोपऱ्यात आणि खेळणारा दुसरीकडे शेतं बघतोय, तर काय वाजावं? सहकारी म्हणतात, युद्ध. मला वाटतं शेतंच वाजावीत, आणि लांबून एखादा ढोल.

या हंगामात एखाद्या जत्रेत फोन पखवाजाच्या डाव्या अंगाला ठेवून थोडं रेकॉर्ड कराल? लढाईची सुरुवात नको. राजा तलवार खाली घेतो, तिथपासून पुढचं मिनिटभर हवं. ढोल चढवायला जमतात, उतरवायला अजून नीट जमत नाहीत.

आईला नमस्कार. रात्री जागलात की सकाळी नीट झोपा.

तुमची,
बाय