ग्लुकोमीटर पुरे झाले, आता बीपीचे यंत्र द्या

सस्नेह नमस्कार.

मधुमेहींसाठी काही द्यायचे म्हटले की बहुतेकांना ग्लुकोमीटरच आठवतो. आमच्या मंडळाकडे ते आता पुरेसे आहेत. ज्यांनी दिले त्यांचे मनापासून आभार. या वेळचे मागणे वेगळे आहे. रक्तदाब मोजण्याची चांगली यंत्रे हवी आहेत, आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) व लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) या दोन तपासण्यांचा खर्च उचलणारे दाते हवे आहेत.

आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आपली उपाशीपोटीची साखर तोंडपाठ असते. बीपी किती, असे विचारले की "नॉर्मल असेल" हे उत्तर येते. वास्तविक टाइप २ मधुमेहात जिवावर बेतते ते बहुधा हृदयामुळे. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. पाळी जाईपर्यंत स्त्रियांच्या हृदयाला जे संरक्षण असते, तेही मधुमेह झाला की बरेच ओसरते. तपासणीला सगळ्यात शेवटी येतात त्याही स्त्रियाच.

नुसती साखर आवळून धरली की हृदय वाचते, असे नाही. २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत साखर फार कडकपणे खाली आणलेल्या गटात मृत्यू वाढलेले दिसले आणि तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणून साखरेकडे दुर्लक्ष करा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांच्यासाठी ती आटोक्यात हवीच. पण डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ या अभ्यासात १६० मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, व्यायाम, धूम्रपान या सगळ्यांकडे एकदमच कसून लक्ष दिले गेले. सुमारे आठ वर्षांनी, २००३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या गटातला हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळपास निम्म्यावर आलेला होता. १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासातली गोष्ट तर आणखी साधी. एका गटाचा रक्तदाब सरासरी १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा १४४/८२. वरच्या आकड्यात अवघ्या दहाचा फरक, पण पक्षाघाताचा धोका ४४ टक्क्यांनी कमी.

म्हणून यंत्रे. मात्र कसलीही नकोत. दंडाला बांधायचा कफ लहान पडला तर बीपी असते त्यापेक्षा जास्त दिसते, आणि आमच्या मंडळात जाड दंडाची माणसे पुष्कळ आहेत. त्यामुळे मोठ्या मापाचा कफ असलेले, दंडावरचे स्वयंचलित यंत्र हवे, मनगटावरचे नको. मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसणे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, आणि मोजताना गप्प राहणे एवढे पाळावे लागते. (गप्प राहणे सर्वांत अवघड जाते.) वयस्कांचे बीपी आम्ही उभे करूनही मोजतो, नसांवर परिणाम झाला असेल तर उभे राहताच ते एकदम उतरते आणि माणूस पडतो.

लिपिड प्रोफाइलचे कारण असे, की नुसते एकूण कोलेस्टेरॉल पाहून मधुमेही फसतो. आकडा ठीकठाक दिसतो, पण आत ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली, चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घटलेले, आणि वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएलचे कण बारीक व घट्ट, म्हणजे धमनीच्या भिंतीत सहज शिरणारे. अल्ब्युमिनची तपासणी तर बहुतेकांनी कधी केलेलीच नसते. लघवीतून एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) ३० मिलिग्रॅमच्या वर अल्ब्युमिन जात असेल तर मूत्रपिंडाइतकाच तो हृदयालाही इशारा असतो, आणि नेहमीच्या साध्या लघवी तपासणीत ही सुरुवातीची गळती सापडत नाही.

एवढी घाई कशासाठी, असे काहींनी विचारले. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. धाप लागते, दरदरून घाम फुटतो, मळमळते, विनाकारण गळून गेल्यासारखे होते, आणि घरचे म्हणतात, अ‍ॅसिडिटी झाली असेल. असे अचानक झाले तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. ज्या आजारात दुखणे ओरडून सांगत नाही, तिथे आधी मोजून ठेवणे एवढेच हातात राहते. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडायला मात्र यंत्र लागत नाही.

ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी वेळ द्यावा. निवृत्त परिचारिका किंवा प्रयोगशाळेत काम केलेले कोणी असेल तर फार उपयोग होईल. नसेल तरी बीपी नीट मोजायला आम्ही शिकवू. नोंदी सुवाच्य अक्षरात लिहिणारेही हवेत. आकडे पाहून औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचे, ते आम्ही करत नाही. म्हणूनच एक विनंती: घरात उरलेल्या बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणून देऊ नयेत. हेतू चांगला असतो, पण एकाची गोळी दुसऱ्याला घातक ठरू शकते.

देणगी कोषाध्यक्षांकडे द्यावी आणि पावती आठवणीने घ्यावी. कोणाच्या देणगीतून किती तपासण्या झाल्या, हे रुग्णांची नावे न देता कळवले जाईल. यंत्र देणार असाल तर खरेदीआधी आम्हाला विचारा. कोणत्या मापाचा कफ कमी पडतो आहे ते सांगू.

आपले,
मधुमेही साहाय्य मंडळाचे कार्यकर्ते